सातव्या फोनची तिसरी संधी

१

पत्रात चाळणीचं नाव तीनदा आलं होतं आणि तिन्ही वेळा 'जबाबदार' या शब्दाच्या मांडीला मांडी लावून बसलं होतं.

पत्र अजून गेलेलं नव्हतं. साहेबांनी ते सकाळी साडेनऊलाच तयार ठेवलं होतं. दुपारी चारला मोठ्या बाई, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई, येणार, सही करणार आणि पत्र हॉस्पिटलला पोचणार. एकदा ते पोचलं की या धंद्यात चाळणीला कुणी दारात उभं करणार नव्हतं. बावीस वर्षं आधी सॉफ्टवेअर, मग मोबाइलची ॲप तपासून तपासून तिनं जे नाव कमावलं होतं, ते साडेसहा तासांत पुसलं जाणार होतं. (चाळणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिच्या हातून बारीकसा खडासुद्धा सुटत नाही म्हणून ऑफिसनं ते ठेवलं होतं. तोंडावर सगळे 'ताई' म्हणायचे.)

झालं होतं असं. 'वेळच्यावेळी' नावाचं त्यांचं ॲप हॉस्पिटलवाले घरी जाणाऱ्या पेशंटच्या फोनमध्ये घालून देत. गोळीची वेळ झाली की घंटा वाजते, एवढंच त्याचं काम. एका आजोबांच्या फोनमध्ये ती तीन दिवस वाजलीच नाही. आजोबा निवृत्त बस ड्रायव्हर, एकटे राहणारे, आयुष्यभर घंटेवर गाडी थांबवलेले आणि घंटेवर सोडलेले. ती वाजत नाही म्हणजे वेळ झाली नाही, असं ते धरून चालले. चौथ्या दिवशी लेक आली, तर बाप बाथरूमच्या दारात पडलेला. आता ते अतिदक्षता विभागात होते.

लेकीची तक्रार साहेबांनी मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवली. आवाज पूर्ण वर, ॲप चालू, बॅटरी सत्तर टक्के, आणि तरी घंटा नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि शाळेत उभं करतात तसं चाळणीला सगळ्यांसमोर उभं केलं. घंटेची तपासणी कुणाकडे होती? महिनाभर रोज रिपोर्टवर हिरवी खूण कुणाच्या नावानं पडली?

"माझ्या," चाळणी म्हणाली.

"मग विषय संपला."

"संपला नाही. खूण हिरवी होती आणि घंटा मुकी होती. दोन्ही खरं असेल, तर मधे कुणीतरी हात घातलाय. मला चारपर्यंत वेळ द्या."

साहेब म्हणाले, घ्या की, पत्रात काही फरक पडायचा नाही.

चाळणी तरातरा बाहेर पडली आणि तिनं दार जीव खाऊन आपटलं. पण ते दार काचेचं, हळूच मिटणाऱ्या जातीचं होतं. ते सावकाश, सभ्यपणे, काही झालंच नाही अशा थाटात मिटलं. तिच्या रागाचा इतका अपमान त्या सकाळी माणसांनीसुद्धा केला नव्हता.

२

तपासणीचे फोन एका छोट्या खोलीत होते. चाळणीला सोडून फक्त तिघांच्या कार्डानं त्या खोलीचं दार उघडायचं: सुसाट, वहिनी आणि साहेब. हात घातला असेल तर यांच्यातल्याच कुणीतरी.

सुसाट म्हणजे घंटेचा कोड लिहिणारा. बोटं इतकी जोरात चालायची की त्याच्या शेजारी कुणी बसायला मागत नसे. चाळणी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली तरी तो वळेना. घंटेचा भाग त्यानं महिन्यापूर्वी नव्यानं लिहिला होता, हे त्यानं कबूल केलं. पण आपल्या फोनवर घंटा ठणठणीत वाजते, हे त्यानं दोनदा सांगितलं.

"मग आजोबांच्या उशाशी तुझा फोन नेऊन ठेवू का रे?"

सुसाटची बोटं थांबली. त्याचे कान लाल झाले. जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे रोज एक ते दोन, कुठे असतोस असं तिनं विचारलं, तर तो म्हणाला टेबल टेनिस खेळतो, अख्खा मजला साक्षीला आहे. ते खरंच होतं. मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, साहेब काही बोललेत का? कशाबद्दल, असं तिनं उलट विचारल्यावर त्याची बोटं पुन्हा सुटली ती सुटलीच.

वहिनी तिच्याच हाताखाली काम करायची. दहा वर्षं घर सांभाळून पुन्हा नोकरीला लागलेली, डब्यातला अर्धा घास दुसऱ्याला देणारी आणि साहेबांची सावली पडली तरी उठून उभी राहणारी. चाळणीला पाहताच तिचे डोळे भरले. चारपर्यंत ताईंशी बोलू नका, असं साहेबांनी सकाळीच बजावलं होतं म्हणे. एवढं सांगितलं आणि तिनं तोंड मिटलं. चाळणीला तिचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःचाही आला.

राहिले साहेब. ते आता एकदम मऊ झाले होते. बसा म्हणाले, पाणी मागवलं, दोष तुमच्या एकटीचा नाही असंही म्हणाले. पत्रात तीनदा नाव लिहून झाल्यावर हे सुचलं होतं. हॉस्पिटलला तारखेचा शब्द आपणच दिला होता, तो पाळायला माणसं किती राबली, हे त्यांनी बराच वेळ सांगितलं. मग खुर्चीत रेलून म्हणाले, "आणि खरं सांगू का? आजोबांनी फोन जरा चार्जिंगला लावून ठेवला असता ना, तर वाजली असती घंटा. लोकांना शिस्त नाही आणि बोल लागतो आपल्याला."

अतिदक्षता विभागातल्या माणसाला शिस्त शिकवणारा माणूस पाहून चाळणीच्या अंगाचा तिळपापड झाला. पाणी तसंच ठेवून ती उठली. दारापाशी पोचेपर्यंत तिला काहीतरी खटकत होतं. पण रागानं डोकं इतकं भणभणत होतं की काय खटकतंय ते सापडेना.

३

खोलीतल्या कपाटात चोवीस फोन उभे होते, दप्तरात वह्या असतात तसे. रोज एक वाजता यंत्र त्यांची परीक्षा घ्यायचं. माणसाचा हात लागायचा नाही. यंत्र प्रत्येक फोनवर गोळीची वेळ लावायचं, स्क्रीन काळी करायचं, वीस मिनिटं थांबायचं, घंटा वाजली का ते बघायचं आणि शेवटी स्क्रीनचा फोटो काढायचं. परीक्षा चालू असताना कपाटाची वीज आपोआप बंद व्हायची, कारण लोकांच्या खिशाला काही वायर जोडलेली नसते. ही युक्ती चाळणीचीच, आणि तिला तिचा फार अभिमान होता.

दुसरी युक्तीही तिचीच होती. कधी नेट तुटायचं, कधी फोन रुसायचा आणि उगाच लाल खूण पडायची. म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनं नियम केला होता, प्रत्येक फोनला तीन संधी. तीनपैकी एकदा घंटा वाजली की हिरवी खूण. रिपोर्टात फक्त शेवटचा रंग दिसायचा. आधीच्या संधींचं काय झालं, ते आत खोल कुठेतरी लिहिलेलं असायचं आणि तिथे कुणी जायचं नाही. तीही जायची नाही.

आज ती गेली.

तेवीस फोन पहिल्याच संधीला पास होते. सातवा फोन मात्र वेगळा होता. सगळ्यात स्वस्त, जाडजूड, आजोबांकडे होता अगदी त्याच जातीचा. एकवीस कामाचे दिवस ती एकेक करून उघडत गेली. पहिली संधी लाल. दुसरी लाल. तिसरी हिरवी. दुसऱ्या दिवशी लाल, लाल, हिरवी. तिसऱ्या दिवशी तेच. एकवीसच्या एकवीस दिवस.

फोन रुसतो तेव्हा असा घड्याळ लावून रुसत नाही.

हे सगळं इथेच लिहिलेलं होतं, रोज, तिच्या नाकाखाली, आणि तिनं हिरवा ठिपका बघून सही केली होती. चाळणी कसली, मोठं भगदाड होती ती. क्षणभर तिला वाटलं, पत्रात काही खोटं लिहिलेलं नाही.

मग तिनं फोटो उघडले. पहिल्या संधीचा, दुसऱ्या संधीचा, तिसऱ्याचा. तिन्हींत काळी स्क्रीन, वर वेळ, शेजारी बॅटरीचं चित्र. तिनं डोळे बारीक केले. तिसऱ्या फोटोत बॅटरीच्या चित्रावर विजेची छोटीशी खूण होती. पुढच्या दिवशीही. त्याच्या पुढच्या दिवशीही. फक्त तिसऱ्याच फोटोत.

कपाटाची वीज बंद. आणि सातवा फोन चार्जिंगला.

४

साडेअकराला तिनं घरी आईला फोन केला, तोही तारेच्या जुन्या फोनवर, जो आईनं हट्टानं ठेवला होता. आईकडे मोबाइल सातव्या फोनच्याच जातीचा होता. ॲपही होतं, रक्तदाबाच्या बाराच्या गोळीसाठी, लेकीनंच घालून दिलेलं.

आईनं आधी जेवलीस का विचारलं, मग आवाज असा का येतोय विचारलं, मग कुणाशी भांडलीस ते विचारलं. घंटेचं विचारल्यावर म्हणाली वाजते की रोज, न वाजायला काय झालं.

"फोन कुठे असतो गं तुझा?"

"टीव्हीशेजारी. वायर लावलेली असते सदानकदा. तो काय माझ्यासारखा फिरायला जातो?"

चाळणीनं तिला वायर काढायला सांगितलं आणि बारा वाजून पाच मिनिटं होईपर्यंत फोनला बोटसुद्धा लावू नकोस म्हणून बजावलं. कारण विचारू नकोस, असंही सांगितलं. कारण न विचारणं आईच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे पाच मिनिटं त्यात गेली.

मग वाट पाहणं आलं. बारा वाजले. बारा वाजून एक. चाळणी जिन्यात उभी राहून अंगठ्याचं नख कुरतडत होती. बारा वाजून सहा मिनिटांनी तिनं फोन लावला.

"नाही वाजली," आई म्हणाली. "बसून राहिले मी नुसती. आणि आता तूच सांग, गोळी घेऊ की नको?"

"घे. आत्ताच्या आत्ता घे." तिचा आवाज चिरकला. आईनं विचारलंच, काय झालं गं. काही नाही, म्हणून तिनं फोन ठेवला आणि भिंतीवर मूठ मारली. भिंत तरी दारासारखी सभ्य नव्हती. हात चांगलाच झिणझिणला.

आता सगळं लख्ख होतं. वायर लावली की घंटा वाजते. वायर नसली की तो स्वस्त फोन बॅटरी वाचवायला झोपी जातो आणि झोपताना सुसाटच्या नव्या घंटेचाही गळा दाबतो. बॅटरी सत्तर टक्के असो, नाहीतर शंभर. आणि कुणालातरी हे महिनाभरापासून पक्कं ठाऊक होतं. रोज एक चाळीसला तो कुणीतरी येऊन सातव्या फोनला वायर लावत होता.

आजही एक चाळीस होणार होते.

५

जेवणाच्या सुट्टीत मजला रिकामा झाला. टेबल टेनिसची टकटक सुरू झाली. चाळणी खोलीत कपाटाच्या मागे, भिंत आणि कपाट यांच्या फटीत उभी राहिली. पोट आत ओढून. तिच्या वयाच्या आणि हुद्द्याच्या बाईनं अशा फटीत उभं राहणं शोभत नाही, हे तिला कळत होतं. पण आज शोभेचं काही उरलंच नव्हतं.

एक वाजता कपाटाची वीज गेली. एक वीसला सातव्या फोनची पहिली लाल खूण पडली. चाळीस व्हायला दोन मिनिटं असताना कार्डाचा टिंग आवाज झाला. दार उघडलं. चपलांचा हलका आवाज कपाटापाशी आला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये चार्जर गेला.

चाळणी फटीतून बाहेर आली.

समोर वहिनी होती. एका हातात सातवा फोन, दुसऱ्यात वायर.

"तुम्ही?" चाळणी म्हणाली. तिला आवाज चढवायचा होता, पण चढेना. ज्या बाईच्या डब्यातून तिनं वर्षभर खाल्लं होतं, ती बाई.

वहिनी दचकली खरी, पण चोरी पकडल्यासारखी नाही, भूत दिसल्यासारखी. ताई, इथे काय करताय, असं तिनंच आधी विचारलं. मग म्हणाली, याला वायर लावायला आले, रोजच येते. याची बॅटरी गेलीय ना. नवी येईपर्यंत एक चाळीस झाले की चार्जर लावायचा, नाहीतर उगाच लाल पडतं आणि ताईंना त्रास होतो. महिन्यापूर्वी साहेबांनीच तसं सांगितलं. त्यांनी तुमच्याशी बोलून घेतलंय असंही म्हणाले.

चाळणी खाली स्टुलावर बसली.

"वहिनी, माझ्याशी कुणीही बोललेलं नाही."

वहिनीनं हातातल्या फोनकडे पाहिलं, मग वायरकडे. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या आजोबांचा फोन याच जातीचा होता का, असं तिनं विचारलं. चाळणीनं मान हलवली. वहिनीनं फोन जागेवर ठेवला, वायर गुंडाळली, पदराला हात पुसल्यासारखे ओढणीला पुसले, आणि त्या घाबरट बाईच्या तोंडून चाळणीनं कधी न ऐकलेला आवाज निघाला. चारला मीही येते, म्हणाली.

६

चारला मोठ्या बाई आल्या. सही करायला पेन काढलं होतं, तोच चाळणी, वहिनी आणि दंडाला धरून आणलेला सुसाट, असे तिघं आत शिरले.

चाळणीनं आधी फोटो मांडले, मग लाल-लाल-हिरव्याची एकवीस दिवसांची रांग दाखवली, मग वायरची गोष्ट सांगितली. वहिनीनं आपण काय केलं आणि कुणाच्या सांगण्यावरून केलं, ते न अडखळता सांगितलं.

साहेब हसले. मी असं काही म्हटलेलं नाही, म्हणाले. बाई घाबरल्यात, नोकरी वाचवतायत. एकीचा शब्द आणि माझा शब्द, मोठ्या बाईंनी ठरवावं. आणि असं समजा की मी बॅटरीबद्दल बोललो असेन, तर त्यात पाप काय? फोन जुना होता.

"बॅटरीच बघू," चाळणी म्हणाली. सातवा फोन पहिल्या दोन संधींत चाळीस मिनिटं वायरीशिवाय असतो. यंत्र प्रत्येक वेळी किती बॅटरी उरली ते लिहून ठेवतं. एकवीस दिवसांत एकदाही ती शहाण्णव टक्क्यांखाली गेलेली नव्हती. त्या फोनची बॅटरी या ऑफिसातल्या कुठल्याही माणसापेक्षा धडधाकट होती. "मग त्याला चार्जर कशाला लागला? बॅटरीसाठी नाही. घंटेसाठी. हे ज्याला माहीत होतं, त्यानंच वहिनींना पाठवलं."

माहीत कुणाला होतं, असं मोठ्या बाईंनी विचारलं.

"सकाळी तुम्ही मला काय म्हणालात साहेब, आठवतंय? आजोबांनी फोन चार्जिंगला लावला असता तर घंटा वाजली असती. त्याच्या तासभर आधी तुम्हीच वाचून दाखवलं होतं, बॅटरी सत्तर टक्के होती. सत्तर टक्के बॅटरीवाल्या फोनला चार्जर लावून काय फरक पडतो? मला माहीत नव्हतं. माझ्या आईची घंटा बंद पडली तेव्हा मला कळलं, बाराला. तुम्हाला दहालाच कसं माहीत होतं?"

साहेबांनी सुसाटकडे रोखून पाहिलं.

मग सुसाट बोलला. जमिनीकडे बघत बोलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सावकाश. नवी घंटा या फोनवर झोपते, हे त्याला महिन्यापूर्वीच दिसलं होतं. चार्जर काढला की झोपते, हेही. त्यानं साहेबांना सांगितलं, दुरुस्तीला दोन आठवडे मागितले. साहेब म्हणाले आधी तारीख, मग घंटा. तुझा भाग झाला, आता गप्प बस. तो गप्प बसला.

"तू टेबल टेनिस खेळत होतास रे," वहिनी त्याला म्हणाली, "आणि मी माझ्या हातानं त्या आजोबांच्या गोळ्या चुकवत होते." ती त्याच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सुसाटच्या तोंडावर दिसत होतं.

मोठ्या बाईंनी साहेबांना बाहेर जायला सांगितलं. टेबलावर किल्ल्या आणि कार्ड ठेवून जा, असं सांगितलं. मग त्यांनी पत्र फाडलं. त्या चाळणीकडे वळल्या आणि मायेनं म्हणाल्या, झालं, तुमचं नाव धुऊन निघालं. आता आपण दुसरं पत्र लिहू. तांत्रिक अडचण आली, दूर करत आहोत, एवढंच. नावं कुणाचीच नकोत. कंपनी टिकली तर सगळे टिकू.

चाळणी हे सकाळपासून मागत होती. तिचं नाव परत मिळालं होतं, घडी करून, इस्त्री करून. फक्त ते घ्यायचं आणि घरी जायचं होतं.

"आठला घंटा आहे बाई," ती म्हणाली. "रात्रीच्या गोळीची. असले फोन हजारो लोकांकडे आहेत. अडचण दूर करत आहोत हे वाचून त्यांनी काय करायचं? मेसेज आत्ता जाईल. घंटेवर विसंबू नका, फोन चार्जिंगला ठेवा, घड्याळ बघून गोळी घ्या. आणि पत्रात काय घडलं ते सगळं लिहायचं. कुणी लपवलं, कुणाला फसवून वायर लावून घेतली, कोण गप्प बसलं. आणि तीन संधींचा नियम कुणी केला, आणि केल्यावर आत डोकावून बघायचं कुणी सोडलं, तेही. माझ्या नावानिशी."

मोठ्या बाई म्हणाल्या, असं पत्र गेलं तर तुम्हाला ठेवणं मला जड जाईल.

"जाऊ दे जड."

मोठ्या बाईंनी फाडलेल्या पत्राचे तुकडे बाजूला सारले. मग पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि लिहा म्हणाल्या.

७

मेसेज पाच वाजून दहा मिनिटांनी गेला. पत्र साडेपाचला. आपली नोकरी उद्या असेल की नाही, हे चाळणीला ठाऊक नव्हतं आणि विचारायलाही ती थांबली नाही. तिनं तक्रारीतला नंबर काढला आणि रिकाम्या मीटिंगच्या खोलीत जाऊन आजोबांच्या लेकीला फोन लावला.

आजोबा शुद्धीवर आले होते. पुढचं डॉक्टर सांगतील, लेक म्हणाली. कोण बोलतंय?

चाळणीनं सांगितलं. ॲप तपासणारी मी. घंटा का वाजली नाही ते सांगितलं, कुणी लपवलं ते सांगितलं, आणि मला दिसायला हवं होतं, दिसलं नाही, हेही सांगितलं.

मग लेक सुरू झाली. माझा बाप तुमच्या त्या घंटेला देवासारखा मानत होता, म्हणाली. तीन दिवस तो फोनकडे बघत बसला होता हो, तुम्हाला काही वाटतं का? तुम्हाला आई-बाप आहेत का? आवाज चढत गेला, फुटला, पुन्हा चढला. हिरवी खूण कसली, सही कसली, कशाचे पगार घेता तुम्ही. चाळणीनं एकदाही मधे तोंड घातलं नाही. खुर्ची होती, पण ती बसली नाही. बाहेर वहिनी दोघींच्या पर्सा घेऊन थांबली होती. तिनं काचेतून हातानंच विचारलं, किती वेळ?

चाळणीनं तिला थांब अशी खूण केली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. लेकीचं अजून संपलं नव्हतं.